बिनसाखरेची बिस्किटं

शाळेच्या मधल्या सुट्टीत मी आणि माझी चुलतबहीण ओट्सची बिस्किटं विकायचो. साखर नाही, मैदा नाही, तळलेलं नाही, गिऱ्हाईकही नाही. मुख्याध्यापिका बाईंनी बजावलं होतं, "माल उरायला लागला की स्टॉल बंद." पण रोज शाळा सुटताना सुतारकामाचे सर यायचे आणि उरलेली सगळी बिस्किटं घेऊन जायचे.

"सर, आवडतात ना?" बहिणीनं एकदा धीर करून विचारलं.

"झकास! मुंगीसुद्धा लागत नाही."

आम्हाला अगदी भरून आलं.

वार्षिक परीक्षेला बसलो, तर वर्षभर डुगडुगणारा माझा बाक जागचा हलेना. वाकून बघितलं. आखूड पायाखाली आमचं बिस्किट होतं, कडा घासून नीट बसवलेलं. शेजारच्या बाकाखालीही तेच.

मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ रेघेत पेपर लिहिला. सुटल्यावर बहिणीला सगळं सांगितलं आणि आम्ही आभार मानायला थेट सरांकडे गेलो.

"सर, तुमच्यामुळे स्टॉल टिकला," बहीण म्हणाली. "पुढच्या वर्षी बिस्किटं नक्की मऊ करतो."

सरांच्या हातातला रंधा थांबला.

"अगं, असं काही करू नकोस! अजून मुख्याध्यापिका बाईंची खुर्ची राहिलीये."