अर्धी बातमी

वडील कोलाजपुढे वाकले, नाक जवळजवळ टेकवलं आणि तसेच राहिले.

शिल्पकाराच्या याआधीच्या तिन्ही प्रदर्शनांना वडील फिरकले नव्हते. आज आले होते, तेही चुरगळलेल्या शर्टात. कारण घरातली इस्त्री तीन आठवडे सापडत नव्हती. ती इथे होती, ‘ऊब’ नावाच्या शिल्पात, चमच्यांच्या ढिगावर उताणी. आणि ‘पाहणं’ नावाच्या या कोलाजात वडिलांचा जाड भिंगांचा चष्मा होता. दांड्या फळीत रुतवलेल्या, मागे पिवळट वर्तमानपत्र डकवलेलं. घरात चष्म्याची शोधाशोध झाली, तेव्हा शिल्पकारही सगळ्यांबरोबर पलंगाखाली शिरून आला होता. प्रदर्शन उरकलं की सांगू, असं त्याने ठरवलं होतं.

तेव्हापासून आई पेपर वाचून दाखवायची. तिला कंटाळा आला की बातमी संपायची.

पाच मिनिटं झाली, वडील हलेनात. त्यांच्यामागे चार-पाच जणांची रांग लागली.

“वाकूनच बघायचंय वाटतं हे,” एक बाई कुजबुजली. समीक्षकाने वहीत काहीतरी टिपलं आणि तोही रांगेत शिरला.

शिल्पकाराला राहवेना. “कसं वाटलं, बाबा?”

“थांब रे. पुलाचा कठडा आत्ता कुठे पडलाय.”

“तुम्ही वाचताय?”

“मग काय करू? दोष कोणाचा ते पुढे असणार. पुढचं कुठे चिकटवलंस?”

शिल्पकाराला आठवेना. कागद त्याने रंग बघून फाडला होता. त्यावर मजकूरही असतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. उरलेला तुकडा ‘ऊब’खाली असेल, नाहीतर डब्यांच्या मनोऱ्यावर.

“चष्मा माझाच ना हा?” वडिलांनी न वळता विचारलं.

“हो.”

“वाटलंच. डाव्या भिंगावर ओरखडा आहे.”

ते रागावले की खूश झाले, आवाजावरून काही पत्ता लागेना. शिल्पकाराने खिशातली पक्कड काढली.

“अहो, हे तर मुख्य काम आहे!” समीक्षक रांगेतून ओरडला.

शिल्पकाराने एकेक दांडी उपटली. फळीत दोन भोकं उरली. वडील बाजूला झाले, तशी रांगेतली बाई पुढे सरकली आणि भोकांपाशी मन लावून वाकली.

वडिलांनी चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि दालनभर नजर फिरवली.

“इस्त्री इथे आहे होय!”

मग ते शिल्पकाराकडे वळले. पेपर पहिल्या ओळीपासून वाचावा तसं त्यांनी त्याला डोक्यापासून खालपर्यंत पाहिलं, आणि पुन्हा डोक्यापाशी आले.

“आणि तुझे केस कधी पिकले रे?”