खोकणारी गाडी

"इतकी शहाण्यासारखी नको, दादा," बाई म्हणाली. "पूर्वी खोकायची, तशी खोकू दे."

मिस्त्रीने लॅपटॉपवरचे हात उचलले. आजवर लोकांनी खोकणाऱ्या गाड्या आणायच्या आणि त्याने त्या गप्प करून द्यायच्या, असाच रिवाज होता. बऱ्या झालेल्या गाडीला पुन्हा खोकला लावून मागणारं गिऱ्हाईक त्याला आजच भेटत होतं.

गाडी जुनीपुराणी. कार्ब्युरेटर पार झिजलेला, सुटे भाग कुठेच मिळेनात. मनात आलं तर चालू व्हायची, नाहीतर ढिम्म. "भंगारात द्या, ताई," त्याने पहिल्याच दिवशी सांगून पाहिलं होतं. बाईने नुसती मान हलवली. मग इंजिनाचा कारभार कॉम्प्युटरच्या हाती देण्यावाचून इलाज नव्हता. पेट्रोल किती फवारायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं तोच बघणार. गाडीच्या मानाने हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड, पण बाई तयार होती.

त्याने तेव्हा कॉम्प्युटरचे दोन डबे टेबलावर ठेवले होते. "हा हुशार आहे. इंजिन जरा अडखळलं की आपणच सावरून घेतो. हा दुसरा साधा. एकेक आकडा हाताने भरावा लागतो, सांगितल्याबाहेर काही करत नाही."

"साधा द्या," बाई लगेच म्हणाली.

त्याला नवल वाटलं. पण गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. कार्ब्युरेटर उतरला, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बसले, पुढच्या पुलीवर दातेरी चक्र आणि त्याच्यासमोर फेरे मोजणारा सेन्सर आला, डॅशबोर्डखालून नव्या वायरी गेल्या. आज गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली, मांजरासारखी घुरघुरत राहिली आणि बाईचं तोंड उतरलं.

"रागावू नका ताई, पण हे काय खूळ आहे?"

बाईने मान खाली घातली. तिच्या पायांत पुरुषी बूट होते, नाड्या करकचून आवळलेल्या. ते त्याने आधीही पाहिले होते, पण बायकांच्या पायांतल्या वस्तूंवर आपण कशाला बोला.

"आमचे हे गेले," ती म्हणाली. "कामासाठी बाहेरगावी होते, तिकडेच. घरी सासूबाई आहेत. त्यांना दिसत नाही. त्यांना अजून सांगितलेलं नाही."

"अहो, पण अशी गोष्ट लपते कशी?"

"मायलेकांचा अबोला होता. कित्येक वर्षांचा. कशावरून, ते दोघांनाही धड सांगता आलं नसतं. हे संध्याकाळी यायचे, खिडकीखाली गाडी लावायचे आणि ताडताड जिना चढून वर जायचे. त्या खाली कान लावून बसलेल्या असायच्या. 'आला गं' म्हणायच्या आणि मगच जेवायला बसायच्या. एवढंच नातं उरलं होतं बघा. आता गाडी मी आणते. बूट यांचे घालते. शेजाऱ्यांना हातापाया पडून गप्प केलंय. गेल्या आठवड्यात गाडी वाटेत बंद पडली, तर सासूबाईंनी ताटाला हात लावला नाही. तेव्हापासून गाडी दुरुस्तीला आहे, हे बाहेरगावी आहेत, असं सांगते, तर कशाबशा दोन घास खातात. या वयात असं किती दिवस चालेल, दादा?"

मिस्त्रीने लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला. त्याची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"जुना आवाज आहे कुठे?"

बाईने फोन पुढे केला. "गाडी कुरकुरायला लागली तेव्हा भरून ठेवला. म्हटलं, बंदच पडली तर ऐकायला तरी राहील."

त्याने फोन कानाला लावला आणि कामाला लागला. ठिणगीचे आकडे मुद्दाम वेडेवाकडे केले. पेट्रोल कुठे तोडलं, कुठे जास्त सोडलं. चांगल्या इंजिनात हाताने खोट घालायची, हे त्याच्या जिवावर येत होतं. बाई डोळे मिटून बाजूला उभी होती. "अजून एक ढास हवी," ती म्हणायची. "बंद होताना." तो पुन्हा आकडे खोडायचा, पुन्हा भरायचा. शेवटी एकदा गाडी अशी खोकली की बाईने भिंतीकडे तोंड केलं आणि पदराने डोळे पुसले.

"हेच दारात आले असं वाटलं," ती म्हणाली.

रस्त्यावर ही खोड टिकते का ते बघायला मिस्त्री मांडीवर लॅपटॉप घेऊन तिच्याबरोबर निघाला. दिवेलागणीला गाडी घराच्या खिडकीखाली थांबली. किल्ली फिरवल्यावर ढासली, पुन्हा ढासली आणि गप्प झाली.

"आला गं," आतून म्हातारा आवाज आला.

बाईने त्याला ओठांवर बोट ठेवून खूण केली, गाडीचं दार धाडकन लावलं आणि ताडताड जिना चढून गेली. मिस्त्री गाडीतच बसून राहिला. खोटं काम असलं तरी हातून इतकं नेटकं काम कधी झालं नव्हतं, असं त्याला वाटलं. म्हातारीच्या पोटात आज चार घास जातील. त्याला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

"गॅरेजवाले का?"

तो दचकला. म्हातारी खिडकीच्या गजांपाशी येऊन उभी होती.

"तेलाचा वास आला. भिऊ नका, ती वर आहे."

मिस्त्री खाली उतरून खिडकीजवळ गेला. "हो, आजी. गाडी दुरुस्तीला होती ना, म्हणून आलो."

"चांगली जमवलीत," म्हातारी हळू आवाजात म्हणाली. "पण माझा मुलगा होता ना, तेव्हा इतकी खोकत नव्हती."

वर बूट काढल्याचा आवाज झाला आणि अनवाणी पावलं जिना उतरू लागली.

"आता तशीच राहू द्या. आणि तिला काही बोलू नका," म्हातारी घाईघाईने म्हणाली. "मी जेवले नाही, तर ती उपाशी झोपते."