दंडातली काडी

म्हातारी आजही येऊन बसली होती. व्हरांड्यात, हॉलच्या खिडकीखालच्या बाकावर, पाय वर घेऊन.

"कुणाबरोबर आल्यात या?" डॉ. सलमानं विचारलं.

"कुणाबरोबरच नाही, मॅडम," डॉ. पायल म्हणाली. "पेशंटही नाहीत. काल दिवसभर अशाच बसून होत्या."

अंबडच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांचं प्रशिक्षण चालू होतं. बाईच्या दंडात, कातडीखाली काडीएवढं बारीक इम्प्लांट बसवायचं. मग तीन वर्षं दिवस राहायची चिंता नाही. इथं शिकणारे डॉक्टर पुढं आपापल्या तालुक्यात दुसऱ्यांना शिकवणार होते. म्हणून काडी बसवण्याबरोबर ते दुसऱ्याला शिकवायचं कसं, हेही सलमा शिकवत होती. पायल त्यांतलीच, तीर्थपुरीहून आलेली. हात हलका, बोलणं गोड, पण तोंडाला कुलूप नाही.

"तुझ्याशी बोलल्या का त्या?"

"खूप. काडी बाहेरून दिसते का, नवऱ्याला कळतं का..."

"मग?"

"मी सांगितलं, दिसत नाही. मुद्दाम दाबून बघितलं तरच हाताला लागते."

"कुठं दाबायचं, तेही दाखवलंस?"

पायलची मान खाली गेली. मग हळूच म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, विचारेल त्याला समजावून सांगायचं."

"कोण विचारतंय, ते आधी बघायचं."

सलमानं खिडकी लावून घेतली. धावडा गावातल्या शिबिरानंतर असंच झालं होतं. एका सासूनं सुनेचा दंड चाचपला आणि दुसऱ्या दिवशी तिला धरून दवाखान्यात आणलं. "काढून टाका," असं सून स्वतःच म्हणाली होती, फरशीकडं बघत. सलमाला काढावी लागली. त्यानंतर त्या बाजूची एकही बाई तिच्याकडं फिरकली नाही.

दुपारी दैवशाला आली. पोरीच्या खोकल्याचं निमित्त करून आली होती; पोर कडेवर झोपलेली. दुसऱ्या बाळंतपणात तिचं रक्त थांबत नव्हतं, जालन्याला नेता नेता वाचली होती. आता नवरा मुलासाठी हटून बसला होता.

सलमानं तिला एकटीला आत घेतलं. "ही मर्जी तुमचीच ना? कुणी जबरदस्ती?"

"माझीच. पर घरी कळू देऊ नका. मालक मला जित्ती ठेवायचे न्हाईत."

"घरी अजून कोण असतं?"

"सासू."

"सासूला माहीत आहे?"

दैवशालानं पदर सारखा केला. "त्यांचं नावच काढू नका, बाई. बिलकुल काढू नका."

सलमानं पुढं विचारलं नाही. पायलला आणि शिकणाऱ्या आणखी दोघा डॉक्टरांना बोलावलं. "हिला काडी तू बसवायची. बसवता बसवता या दोघा डॉक्टरांना शिकवायचं. मी फक्त बघणार."

पायलनं दंड बधीर केला. सुई कशी धरायची, किती वर ठेवायची, कातडी कशी उचलायची, सावकाश सांगू लागली. तिचा आवाज पहिल्यांदाच ठाम लागत होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"माझी सून आत हाय का?"

दैवशालाचा चेहरा पांढरा पडला. सलमानं दार किलकिलं केलं. बाकावरची म्हातारीच होती ती. तिच्यामागं, गेटपाशी, एक तरणा माणूस मोटरसायकल लावून उभा होता. नजर दारावरच.

सलमाच्या डोक्यात सगळं जुळलं. दोन दिवसांची ती बैठक, ते प्रश्न, तो दाबून बघायचा दंड.

आत पायलचा आवाज थांबला होता.

"थांबू नको," सलमा मागं न बघता म्हणाली. "शिकवत राहा."

ती बाहेर आली आणि दार ओढून घेऊन त्याला पाठ लावून उभी राहिली.

"काय नाव तुमचं?"

"झुंबरबाई. तो भारत, माझा ल्योक. सून पोरीला घेऊन इकडं आल्ती म्हणून कळलं त्याला. हाय का आत?"

"इथं डॉक्टरांचं ट्रेनिंग चालू आहे. तुमची सून नाही."

"खोटं बोलून राह्यली तू!" झुंबरबाईचा आवाज एकदम चढला. व्हरांड्यातले लोक वळून बघू लागले. "मला नातू पाहिजे! माझ्या सुनंच्या अंगाला कुणी हात लावला तर दवाखाना डोक्यावर घेईन!"

"आवाज खाली करा."

"का करू? सरक बाजूला!"

तिनं दाराला हात घातला. सलमानं तो धरला. आपण धडधडीत खोटं बोललो, हे तिला माहीत होतं. उद्या तक्रार जाईल, हे प्रशिक्षण बंद पडेल, हेही माहीत होतं. पण धावड्याच्या त्या पोरीची फरशीला खिळलेली नजर तिला पुन्हा बघायची नव्हती. ती दारातून हलली नाही.

गेटवरून भारत ओरडला, "येऊ का मी, आई?"

"तू थांब तिथंच! बायकांचा दवाखाना हाय. मी बघते हिच्याकडं!"

दारामागून पायलचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "झालं. आता पट्टी."

सलमानं डोळे मिटले. म्हातारीनं ते ऐकलं होतं. ती सरकत अगदी जवळ आली. तिचा श्वास सलमाच्या कानाला लागला.

"नीट बसली ना काडी?" झुंबरबाई पुटपुटली. "मंग अजून जरा मोठ्यानं भांड माझ्याशी, बाई. पोरगं बघून राह्यलंय."