चौकट ठेवायची की उखडायची

खिडकी बदलायच्या दोन पद्धती मिस्त्रींनी सांगितल्या. जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या आत नवी खिडकी बसवायची, म्हणजे काम दोन तासांत. नाहीतर चौकटच उखडायची, मग दोन दिवस घरभर धुरळा.

"उखडा," बाबा म्हणाले. "आमच्याकडे अर्धवट काही नसतं."

खरंच नसतं. भांडण झालं तेव्हा दादालाही त्यांनी पूर्णच घराबाहेर काढलं होतं. वर अजून म्हणतात, "जाताना दोन ओळी लिहायला काय हात मोडले होते त्याचे?"

तो गेला त्या सकाळी वारा सुटला होता आणि ही खिडकी खडखडत होती. बाबांनी रागारागात टेबलावरचा हाताला लागेल तो कागद उचलला, घडी घातली आणि फटीत ठोकून बसवली. आमच्या घरी खिडक्यांवर हाच उपाय. घडी अशी पक्की बसली की चोवीस वर्षं खिडकीचा आवाज आला नाही. दादाचाही.

आज चौकटीचे चार तुकडे झाले, तेव्हा मिस्त्रींनी ती घडी बाबांच्या हातात ठेवली. अक्षर दादाचं होतं.

"बाबा, चुकलं माझं. कोपऱ्यावरच्या थांब्यावर जाऊन बसतोय. शेवटच्या बसपर्यंत थांबतो. न्यायला या."

बाबांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मग जुन्याच खुणांवर कागदाची पुन्हा घडी घातली आणि जमिनीवरच्या चार तुकड्यांकडे बघत म्हणाले,



"मिस्त्री, ती चौकट न काढायची पद्धत सांगत होतात ना... तीच करू या."