जिलबीचा रंग

जिलबीचा तांबडा आणि बर्फीचा हिरवा रंग एकत्र कालवला की काळपट होतो, हे लग्नाच्या आचाऱ्याने, कोंडाजीने, सोजराबाईला सांगितलं होतं. तिने दोन्ही रंगांच्या पुड्या कोऱ्या चहाच्या पाण्यात ओतल्या, वर लिंबू पिळलं आणि शेजारच्या छबूबाईपुढे डोकं धरलं.

"चोळ गं. मुळापासनं चोळ."

वय तिचं बत्तीसही नव्हतं. पण विषमज्वरातून उठली ती पांढरं डोकं घेऊनच. पोर तर झालंच नाही. चाकणच्या बाजारात पोरंटोरं तिला आजी म्हणत. नवरा ज्योतीराम पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला होता, सणासुदीलाच यायचा. आणि आता आपणहून म्हणाला होता, चाळीत खोली मिळाली, तुला न्यायला येतो. सोजराबाईला आभाळ ठेंगणं झालं. त्याच्या शेजारी आपण त्याची बायको दिसावं, एवढंच तिचं मागणं होतं.

कलप पुण्याला मिळायचा. पण तो लावते ती तमाशातली, असं वाडी म्हणायची. जिलबीला कोण नावं ठेवणार?

केस वाळल्यावर उन्हात जरा जांभळट मारत होते, सावलीत मात्र काळेभोर.

"नवी नवरी दिसतीस, सोजरे. दृष्ट काढू का?" छबूबाई म्हणाली.

ज्योतीराम दुपारी आला आणि उंबऱ्यातच थबकला.

"ह्ये काय केलंस?"

"बरं दिसत न्हाई?"

"धू. आत्ताच्या आत्ता."

तिचं तोंड एवढंसं झालं. ते पाहून त्याने आवाज उतरवला. "तू हाय तशीच बरी हायस, सोजरा. मला पांढरंच आवडत्यात."

न्हाणीत तिला बसवून त्याने स्वतःच्या हाताने पाणी ओतलं, शिकेकाई लावली. एवढ्या संसारात त्याचा हात तिच्या केसांना असा कधी लागला नव्हता. रंगाचा टिपूससुद्धा त्याने राहू दिला नाही. सोजराबाई रडत होती आणि शिकेकाई डोळ्यांत गेली असं सांगत होती. सुख सोसवत नव्हतं तिला. बाहेर छबूबाई पदर तोंडाला लावून हसली आणि नशीब काढलंस म्हणाली.

निघताना त्याने तिला साधं गडद लुगडं नेसायला लावलं.

"तितं कुणी काय बी म्हणू दे, उलट बोलायचं न्हाई. कंपनीची चाळ हाय. एका शब्दानं माजी नोकरी जाईल."

"व्हय," ती म्हणाली. त्याने सांगितलं असतं तर ती जन्मभर मुकी राहिली असती.

भोसरीपर्यंत एस.टी., पुढे टांगा. वाटेत तो तोंड फिरवून बाहेरच बघत बसला. नोकरीवाल्या माणसाला हजार व्याप, असं तिने मनाशी म्हटलं.

चाळीतल्या शेवटच्या खोलीची कडी त्याने वाजवली. आपल्याच खोलीची कडी हे का वाजवतात, असं तिच्या मनात आलं, तोवर दार उघडलं. दारात विशीतली एक पोर, गळ्यात मंगळसूत्र, पोट सातव्या-आठव्या महिन्याचं. कमरेवर हात धरून ती कष्टाने वाकली आणि सोजराबाईच्या पाया पडली.

"या, सासूबाई. बाळंतपणाला आई येत्याल, असं ह्ये म्हणालंच हुतं. मामंजी न्हाई आलं संगं?"