एका अक्षराची दुरुस्ती

जावयाने पान दोनच्या तळाशी बोट ठेवलं आणि संपादकांनी हातातली लेखणी खाली ठेवली.

जावई म्हणजे सरकारी तपासनीस. रोज दुपारी यायचा, बरी खुर्ची बळकावायचा, चहा मागवायचा आणि एकेक पान वाचून सही करायचा. सहीशिवाय छपाई नाही. म्हणून कचेरीने पाठीमागे हे नाव ठेवलं होतं. काल त्यानेच पान एकवर चौकट टाकायला लावली होती : 'आमचे वार्ताहर सोमवारी बाहेरगावी गेले.' संपादकांनी ती मुकाट्याने छापली. वृत्तपत्रस्वातंत्र्यावर तीस वर्षं व्याख्यानं झोडलेला माणूस एका ओळीपुढे शेपूट घालून बसला.

आज सकाळी अंक वाचून वार्ताहराची बायको आली होती. रडली नाही. नवऱ्याचा चष्मा तिने टेबलावर ठेवला.

"भाऊ, याच्याशिवाय त्यांना घराचं दार सापडत नाही. गेले कसे?"

"वहिनी, माझा नाइलाज झाला," संपादक म्हणाले. म्हणताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ती गेली, चष्मा तिथेच राहिला.

"हे काय?" जावयाने पान दोनवरचं बोट न उचलता विचारलं.

"शुद्धिपत्र, साहेब. उद्याच्या अंकासाठी. रोजच असतं, वेलांट्या, उकार वगैरे."

जावई मोठ्याने वाचू लागला. "कालच्या अंकात पान चार, 'वृक्षारोपण दीन' नव्हे, 'दिन' वाचावे. पान एक, चौकट, शेवटचा शब्द, 'ग'ऐवजी 'न' वाचावा."

तो अंक, म्हणजे आजचाच, जावयाच्या समोरच होता, चहाच्या कपाखाली. कप उचलला असता तरी पुरे होतं. संपादकांची नजर कपावरून हटेना.

"एका अक्षरासाठी जुना पेपर उघडतं कोण?" जावई हसला.

"आमचे वाचक फार चिकट आहेत, साहेब."

जावयाने सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघर रद्दीतून आदल्या दिवशीचा अंक निघाला. न्हाव्याच्या दुकानात, शाळेच्या शिक्षकखोलीत, बसथांब्यावर पेन्सिली फिरल्या आणि जिथे तिथे 'गेले'चं 'नेले' झालं.

नऊ वाजता संपादकांच्या दारात गाडी थांबली. दोघं जण उतरले. संपादकांना सदऱ्याची गुंडी लागेना. ती बायकोने लावली. काल कचेरीतून घरी आणलेला वार्ताहराचा चष्मा त्यांनी आठवणीने खिशात टाकला.

"कोणी विचारलं तर काय सांगू?" तिने हळूच विचारलं.

"काहीही सांग," ते म्हणाले. "फक्त 'गेले' म्हणू नकोस."