चला की

सम्मेदला एकच वाईट खोड होती. भेटेल त्याला तो "चला की" म्हणायचा. अडीच वर्षांच्या आर्वीला थीम पार्कातले पाळणे दाखवायचा बेत बायकोनं, अपूर्वानं, आखला आणि यानं मामांना सांगितलं, "चला की तुम्ही बी." कोल्हापुरात तसं म्हणायचंच असतं, पण मामा खरोखर निघाले. मग आत्या, त्यांचे लेक-जावई, शिरोलीच्या कारखान्यातला जोडीदार बायकोपोरांसकट. अपूर्वानं डोळे वटारले की तो पुटपुटायचा, "तोंडावर न्हाय कसं म्हणू?"

आदल्या दिवशी पाहिलं, तर गाडीत जागाच उरली नव्हती.

"लेकरू लहान हाय, प्रवासात दमंल," आत्या म्हणाल्या. "अपूर्वा, तू ऱ्हा तिच्याजवळ. आमचे डबे तेवढे दे, दिवस मावळायच्या आत जेवाय पायजे."

अपूर्वानं नवऱ्याकडं पाहिलं. सम्मेदनं मान खाली घातली. तोंडावर न्हाय म्हणणं त्याला आत्ताही जमलं नाही.

सकाळी डबे चढले, माणसं चढली, शेवटी सम्मेदही चढला, गाडीचं दार लागलं. गुलाबी गॉगल लावून पायरीवर उभी असलेली आर्वी गाडीच्या दिशेनं आईचं बोट ओढत म्हणाली, "चला की."